बॉयलरची हवा कुठून येते?

माणूस डॉक्टरला सगळं सांगतो, गॅसवाल्यापासून मात्र लपवतो. त्यामुळे आमच्या धंद्यातले किस्से बर्नरखालच्या धुळीसारखे साठत जातात. झाकण उघडल्याशिवाय दिसत नाहीत. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत, मी चाळीस वर्षं झाकणं उघडली. बहुतेक किस्से रविवारी हॉलवर जमणाऱ्या आमच्याच मंडळींचे. बुद्धवंदना झाली की चहा, आणि चहाबरोबर, "सुदामराव, जरा घरी येऊन जा ना!" गायकवाडच्या घरचा किस्सा मी बरेच दिवस कुणाला सांगितला नाही. आता त्याची बायको, शालिनीवहिनी, ठणठणीत आहे, म्हणून सांगतो.

शिक्षण माझं सातवी. पण एक गोष्ट पक्की शिकलो. आगीला आत यायला हवा लागते आणि धुराला बाहेर जायला वाट. दोन्ही असल्या तर घर तापवणारा गॅसचा बॉयलर गरीब गाय. एक जरी बंद झाली तर विषारी वायू घरात, आणि त्याला वास नाही, रंग नाही. म्हणून कुणाच्याही घरी माझा पहिला प्रश्न, "हवा कुठून येते?"

लोक खिडकी दाखवतात. खिडकी बंद असते!

* * *

निखिल पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. घर नुकतंच घेतलेलं, बॉयलर जुना. भिंतीत हवेची जाळी होती, तिच्यावर बबल रॅप आणि चारी बाजूंनी टेप. काम मात्र सुबक.

"काका, थर्मल कॅमेऱ्यात तो सगळा एरिया ब्लू दिसत होता. मेजर हीट लॉस!"

"तुझ्या नाकातूनही थंड हवा आत जाते. तिथेही टेप लाव."

त्याची बायको हसली. तो हसला नाही. पण टेप त्यानेच काढली.

* * *

जाधवांनी मागच्या भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या छपराची खोली बांधली. वाळवणासाठी. इथल्या उन्हाचा भरवसा नाही. बॉयलरचा धूर बाहेर टाकणारा पाइप नेमका त्याच भिंतीत. काल बाहेर होता, आज आत आला!

जाधवबाईंनी मला तक्रार सांगायला बोलावलं. "भाऊ, खोली बघा कशी उबदार आहे. तरी कुरडया वाळत नाहीत, बुरशी धरतात!"

बॉयलरची सगळी वाफ कुरडयांवर बसत होती. वाफेबरोबर जे येत होतं ते या दोघांच्या छातीत जात होतं. मी म्हणालो, खोली पाडा. जाधव चिडले.

"अहो, एवढ्याशा खोलीला परवानगीसुद्धा लागत नाही!"

"मरायलाही लागत नाही."

शनिवारी खोली पाडली. हातोडा माझाच होता.

* * *

आमची दर पाच वर्षांनी परीक्षा होते. शेवटच्या वेळी परीक्षक माझ्या धाकट्या मुलीच्या वयाचा. माझे पांढरे केस बघून त्याला जोर आला. म्हणाला, बॉयलरचा धूर घरात येतोय, बाहेर बर्फ आहे, बाई म्हणते बंद करू नका. "व्हॉट डू यू डू?"

"आय टर्न ऑफ."

"शी इज क्राइंग."

"आय टर्न ऑफ."

"शी इज युअर वाइफ."

"देन आय टर्न ऑफ अँड रन."

पास!

* * *

आता गायकवाड. आम्ही एकाच वर्षी या देशात आलो. तो मोटारींच्या फॅक्टरीत लागला, मी गॅसमध्ये. त्याच्या किचनमध्ये जुना बॉयलर, धूर चिमणीतून वर जाणारा. मागच्या हिवाळ्यात शालिनीवहिनींचं डोकं दुखायला लागलं. रविवारी तर ओकाऱ्या. डॉक्टर म्हणाले, मायग्रेन. मग त्या तीन आठवडे एडिनबराला लेकीकडे गेल्या. डोकेदुखी गायब! परत आल्या आणि पुन्हा सुरू. लेक म्हणाली, आईला आता इकडेच ठेवते.

हॉलवर चहाचा कप धरून गायकवाड म्हणाला, "इतक्या वर्षांनी हिला माझी ॲलर्जी झाली, सुदाम."

"तुझी असती तर पहिल्याच वर्षी झाली असती. बॉयलर बघतो."

फोन करून गेलो. बॉयलर साफ, जाळी उघडी. खिडक्या लावल्या, किचनचा छोटा पंखा चालू केला आणि बॉयलरवर धुराची काडी धरली. धूर सरळ चिमणीत. वायू ओळखणारा अलार्म मी स्वतः भिंतीवर लावून दिला. वहिनींनी पोहे केले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. तोच धूर, तेच पोहे.

"बॉयलरला दोष नाही," असं मी म्हणालो. मीच म्हणालो.

गायकवाडने एडिनबराचं तिकीट काढलं. एकटीचं. परतीचं नाही.

* * *

पुढच्या रविवारी दोघं हॉलवर आले नाहीत. मी उठलो आणि सरळ त्यांच्या घरी गेलो. फोन न करता गेलो, हे आयुष्यात पहिल्यांदा.

गायकवाडने दार उघडलं. त्याचा चेहरा पडला. "अरे, फोन तरी करायचास!"

आत सुकटीचा वास घमघमत होता. शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून खिडक्या गच्च बंद. किचनमधलं जे दार मी कोटांच्या कपाटाचं समजत होतो, ते उघडं होतं. पलीकडे चिंचोळी जागा, गॅसची शेगडी, वर तवा. आणि भिंतीत, वास मागच्या मोकळ्या जागेत फेकायला, बैलगाडीच्या चाकाएवढा पंखा! फॅक्टरीचं कँटीन बंद पडलं तेव्हा गायकवाडने तो घरी आणून बसवला होता. शेकडो माणसांच्या चिप्सचा धूर ओढणारा पंखा, दोन माणसांच्या सुकटीला!

वहिनी डोकं धरून स्टुलावर बसल्या होत्या.

मी काडी पेटवली. धूर वर गेला नाही. खाली आला आणि माझ्या तोंडावर आला. पंखा घरातली हवा ओढत होता. ती भरून काढायला भिंतीतली जाळी पुरेना, म्हणून हवा चिमणीतून खाली येत होती, बॉयलरचा धूर घेऊन.

अलार्म भिंतीवर गप्प. जवळ जाऊन पाहिलं तर प्लॅस्टिकच्या क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळलेला!

"तेलकट होऊ नये म्हणून, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "टीव्हीचा रिमोटही मी तसाच ठेवते."

"आणि मी आलो तेव्हा हे दार बंद का होतं?"

"पाहुण्यांना सुकटीचा वास दाखवायचा का?"

मी पाहुणा! माझ्या घरी काय बासुंदी शिजते?

गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, वहिनींना कोट घालून बागेत बसवलं, आणि तिथून हॉस्पिटल. रक्तात वायू सापडला. डॉक्टर म्हणाली, आणखी थोडे दिवस गेले असते तर... दोन दिवस ठेवून वहिनींना घरी सोडलं.

ते दार मी उघडून पाहायला हवं होतं. चूक माझी. दुसऱ्या कुणाची नाही.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये गायकवाड एवढंच म्हणाला, "म्हणजे माझी ॲलर्जी नव्हती?"

"नव्हती."

तो खुर्चीवर बसला, चष्मा पुसला आणि लेकीला फोन लावला. "आई इकडेच राहणार गं."

* * *

नवा बॉयलर मीच उभा राहून बसवून घेतला. हा पेटीसारखा बंद. बाहेरची हवा पाइपातून घेतो, धूर पाइपातून बाहेर टाकतो, घरातल्या हवेला हात लावत नाही. कँटीनचा पंखा मी खोलला. वहिनींना सांगितलं, आता खिडकी उघडी ठेवून शिजवायचं, वास जायचा तिथे जाऊ दे.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. सुकट आणि भाकरी. खिडक्या सताड उघड्या. वहिनी गुणगुणत होत्या, डोकं दुखत नव्हतं. ताटं मांडली आणि बेल वाजली.

दारात गॅसच्या इमर्जन्सीचा माणूस. बाहेर पिवळा दिवा फिरणारी व्हॅन. गल्लीतून फोन गेला होता, गॅसचा भयंकर वास येतोय म्हणून!

त्याने गॅस शोधायचं मीटर बाहेर काढलं. बॉयलर, शून्य. शेगडी, शून्य. जिन्याखाली, शून्य. मी त्याच्या मागे उभा राहून सगळं नीट पाहत होतो. पोरगा चोख होता. पण नाक आक्रसून म्हणाला, "समथिंग इज डेफिनिटली देअर."

वहिनींनी कढईवरचं झाकण उचलून त्याच्यापुढे धरलं.

तो वाकला. सरळ झाला. डोळे पुसले. मग खिशातून पेन काढून त्याने फॉर्मवर लिहिलं, "सोर्स फाउंड."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "त्याला विचारा, भाकरीबरोबर घेणार की पावाबरोबर?"