हिरडीवरची गाठ
नवऱ्याच्या मांडीच्या हाडाचा कॅन्सर काढून बरीच वर्षं झाली होती. पायात रॉड घेऊन ते पुन्हा मिरजोळ्याच्या कारखान्यात जायला लागले होते आणि तो शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नव्हतं. यंदा गणपतीच्या तोंडावर दात घासताना त्यांच्या बोटाला हिरडीवर गाठ लागली, वाटाण्याएवढी.

दातांच्या डॉक्टरांनी पायाची हकिकत ऐकली आणि त्यांचा चेहरा बदलला. हाडाचा कॅन्सर तोंडात येणं फार दुर्मीळ, ते म्हणाले, पण आला तर अंगात आणखीही कुठे पसरलेला असू शकतो. म्हणून गाठ काढून तपासायलाच हवी. दुर्मीळ म्हटल्यावर लोकांना धीर येतो म्हणे. मला नाही आला. मांडीचाही दुर्मीळच होता.

हिरडीत काही रुतलं होतं का, माशाचा काटा वगैरे, असंही त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे श्रावण असतो," नवरा म्हणाला. मीही अभिमानाने मान डोलावली. श्रावणात माझ्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

रिपोर्ट येईपर्यंत मी मोदक वळले, आरत्या म्हटल्या आणि क्षुल्लक कारणांवरून त्यांच्यावर खेकसत राहिले. भीती वाटली की मला रागच येतो. रात्री ते झोपले की त्यांचा श्वास ऐकत पडायचे.

गौरी-गणपती गेल्यावर डॉक्टरांनी बोलावलं. कॅन्सर नव्हता. गाठीच्या मधोमध माशाचा बारीक काटा निघाला होता, त्याच्याभोवती हिरडी सुजली होती. मला एकदम रडू फुटलं, पदर शोधायलाही सुचेना.

डॉक्टरांनी काट्याबद्दल विचारलं, तर नवऱ्याने उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच सांगितलं, की नारळी पौर्णिमा झाल्यावर कारखान्यातल्या मित्राच्या डब्यातला तळलेला बांगडा खाल्ला होता. एकच.

म्हणजे इतके दिवस हा माणूस मरणाला भीत होता आणि तरी बांगड्याचं नाव काढत नव्हता.

"आधीच सांगायचंत ना," मी म्हटलं. "देवाची समजूत मी काढली असती."

"देवाची काढली असतीस गो," ते म्हणाले, "तुझी कोण काढणार होता?"

डॉक्टरांसमोरच मी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.