रातकिड्यांची पाचवी

शहागंजामागच्या गल्ल्यांमधली निदान सातशे बाळं द्वारकाबाईंच्या हाताखालून गेली असतील. आधी त्या सुईण होत्या. पुढं जिकडंतिकडं दवाखाने झाले, तेव्हा बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालण्याचं काम त्यांनी धरलं. तीस वर्षांनी गुडघे कुरकुरू लागले आणि चितेगावच्या कंपनीत सुपरवायझर झालेला मुलगा बद्रीनाथ म्हणाला, "माय, लई झालं. आता बस." द्वारकाबाई बसल्या. बसून बसून त्यांचा जीव विटला. टीव्हीवरच्या मालिकेतली बाळंतीण थंड पाणी प्यायली म्हणून त्या तिच्यावर ओरडल्या, तेव्हापासून सून आशा रिमोट लपवून ठेवू लागली.

अशात एक दिवस उमा आली. उमा हे द्वारकाबाईंनीच न्हाऊ घातलेलं एक बाळ, आता बँकेत अधिकारी. तिनं घरी सरडा पाळला होता. आपल्या कुंपणावरचा नव्हे. मूळ ऑस्ट्रेलियाकडच्या जातीचा, हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी आणि बसण्याची ऐट अशी, की तिनं त्याचं नाव तात्यासाहेब ठेवलं होतं. तात्यासाहेबांना खायला जिवंत रातकिडे लागत. ते पुण्याहून कुरियरनं यायचे आणि उन्हानं निम्मे वाटेतच मरायचे. मेलेल्या किड्याकडं तात्यासाहेब ढुंकूनही पाहत नसत.

"मावशी, हाडं दिसायला लागलीत हो त्यांची," उमा रडवेली होऊन म्हणाली. "रातकिडे घरीच वाढवायचे असतात म्हणे. मी करून पाहिलं, पण अंड्यांतून काही निघतच नाही."

"अंडी कशात घालत्यात?"

"ओल्या काथ्यात. ऊब लागते, अंधार लागतो. कोरडं पडू द्यायचं नाही आणि फार भिजवायचंही नाही."

द्वारकाबाई सरसावून बसल्या. "मंग हे बाळंतपणच हाय की. घिऊन ये इकडं."

बद्रीनाथनं हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "लोक घरातले किडे मारायला औषध फवारायलेत, आन तू पाळायलीस?" पण आईचे डोळे असे चमकलेले त्यानं तीन वर्षांत पाहिले नव्हते. शेवटी तो म्हणाला, "एक खेप बघीन. नाय जमलं तर क्रेट भंगारात, आन तू परत खाटंवर." परत खाटेवर, हे दोन शब्द ऐकताच द्वारकाबाईंनी केरसुणी उचलली.

मागची खोली ताब्यात घेतली गेली. प्लास्टिकचे दोन क्रेट, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, बल्बची ऊब, कोंबड्यांचं खाद्य आणि तहानेला काकडीच्या फोडी. पुण्याहून आलेल्यांपैकी वाचलेले शंभरेक रातकिडे आत गेले. मागे सुईसारखी नळी ती मादी, हे उमानं एकदाच सांगितलं. कुठली भरलेली आणि कुठली अजून चार दिवस घेणार, हे मग द्वारकाबाई उमाला सांगू लागल्या. नर दिवसरात्र किर्र करायचे. "गडी नुसते वरडायच्या कामाचे," असं म्हणत त्या क्रेटवर टिचकी मारायच्या.

दहाव्या दिवशी काथ्या हलला. मुंगीहून लहान, पांढुरकी, मिशा हलवणारी पिल्लं. चार-पाचशे तरी असतील. द्वारकाबाईंनी ती हलक्या हातानं वेगळ्या डब्यात ठेवली, आशाला हाक मारली, आशानं गल्लीला हाक मारली आणि साखर वाटली गेली. बद्रीनाथनंही चिमूटभर तोंडात टाकली आणि मग विचारलं, कशाची.

इथवर सगळं छान होतं. पण बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, हे द्वारकाबाईंच्या हाडीमाशी भिनलेलं. पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि रात्री सटवाई येऊन बाळांचं नशीब लिहिते म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं. उमाला तात्यासाहेबांसह जेवायचं आवतण गेलं.

"एवढ्यांच्या कपाळी लिवायचं म्हंजे सटवाईला ओव्हरटाइम," आशा म्हणाली.

"येळ नाय लागायचा. समद्यांच्या कपाळी एकच नाव लिवायचंय, तात्यासाहेब." पाट्यावरचं कुंकू सारखं करत द्वारकाबाई म्हणाल्या, "पोटात जायचं त्ये जातील. पर माझ्याकडं हायेत तंवर त्यांचे हाल नाय व्हायचे."

आणि त्यांनी धुरी दिली. शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा, दारखिडक्या गच्च बंद. सातशे बाळं या धुरीवर गुटगुटीत झाली होती. इथं मात्र पाच मिनिटांत किरकिर थांबली. द्वारकाबाईंनी वाकून पाहिलं, तर गडी उताणे पडून पाय झाडत होते.

त्यांनी दार उघडलं, खिडकी उघडली, क्रेटांची झाकणं भिरकावली आणि पिल्लांचा डबा छातीशी धरून, कुरकुरत्या गुडघ्यांनी, गच्चीच्या सगळ्या पायऱ्या चढल्या.

मोकळी हवा लागताच मोठे रातकिडे शुद्धीवर आले आणि घरभर झाले. एक कणकेत, दोन आशाच्या अंबाड्यात, नुकत्याच ड्यूटीवरून आलेल्या बद्रीनाथच्या हेल्मेटमध्ये चार. आशा पलंगावर चढून हसतही होती आणि किंचाळतही होती. तेवढ्यात टोपली घेऊन उमा आली. टोपलीतून तात्यासाहेबांनी मान बाहेर काढली, चेव येऊन दाढी काळी केली आणि महिन्याभराचा अशक्तपणा विसरून उडी घेतली. खाटेखाली तीन, पाटा-वरवंट्यामागं दोन, उमाच्या ओढणीवरचा एक. अकरावर उमानं मोजणं सोडलं, कारण ती रडत होती.

बद्रीनाथ आईला शोधत गच्चीवर गेला. द्वारकाबाई डब्यावर पदरानं वारा घालत बसल्या होत्या.

"बद्री, माझ्या हातानं कदी एक मूल दगावलं नाय," त्या हुंदका देत म्हणाल्या. "आन आज म्या समदीच मारली. फेक उद्या क्रेट. मी बसते खाटंवर."

हे ऐकून बद्रीनाथला फार वाईट वाटलं. बसवण्याच्या नादात आपण आईचं काय काढून घेतलं, हे त्याला आत्ता दिसलं. त्यानं हेल्मेट खाली ठेवलं, गुडघे टेकले आणि किड्यांची शिसारी गिळून डब्यात बोट घातलं. कितीतरी वेळ काहीच नाही. मग नखावर एक ठिपका चढला. त्यानं मिशा हलवल्या.

"माय, ह्ये चालायलंय."

"खोटं नको बोलू."

"तुझी शपथ. आन ह्ये बघ दुसरं. आगं, समदी उठायलीत."

दोघं डब्यावर डोकं टेकून बघत राहिली. काही गेली होती, पण बहुतेक वाचली होती.

खाली येऊन द्वारकाबाईंनी शेगडी विझवली आणि सापडले तेवढे रातकिडे पुन्हा क्रेटमध्ये सोडले. बद्रीनाथ खोलीच्या दारापर्यंत आला, पण उंबरा ओलांडेना. असे कितीतरी पुरुष द्वारकाबाईंनी बाळंतिणीच्या दाराबाहेर घुटमळताना पाहिले होते. आशाची बाळंतपणं माहेरी झाल्यामुळं आपला मुलगा मात्र तसा उभा राहिलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"माय," त्यानं हळूच विचारलं, "पुढची खेप कवा?"

द्वारकाबाईंनी हात पुसले. "धा दिस. आन तंवर हितं चपला वाजवत यायचं नाय."

बद्रीनाथनं चपला काढून हातात घेतल्या.