रेकॉर्डिंगमध्ये नसलेली 'आई'

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. विमा कंपनीत आकडेमोड करत वीस वर्षं गेली; जे तपासता येत नाही ते मी सहसा बोलतसुद्धा नाही. पण हे तपासलं, आणि तरीही...

२०१४ साल. इथे परदेशात आम्ही तेव्हा सेंगकांग भागात राहायचो. कोर्टात मराठी दुभाषी लागला की मला बोलावत – वर्षातून दोन-तीनदा. त्या सकाळी साताऱ्याकडची एक बाई होती आणि तिच्याबरोबर सहा वर्षांची मुलगी. बाईचा इथे राहण्याचा पास संपून सात महिने झालेले, मुलीचा तर एकही कागद नाही. बाई म्हणे, मुलगी माझीच. इमिग्रेशनच्या ऑफिसरला संशय. तिची नाही असं ठरलं असतं, तर बाई एकटी परत आणि मुलगी इथल्या बालगृहात.

मी मुलीला विचारलं, "बाळा, ह्या तुझ्या कोण?"

"आई."

खात्रीसाठी पुन्हा विचारलं. पुन्हा "आई". मी 'मदर' सांगितलं आणि वहीत टिपलं – ११.४०.

चार दिवसांनी कोर्टातून फोन. रेकॉर्डिंग दुसऱ्या दुभाष्याने, बुकित पंजांगच्या जोगळेकरकाकांनी, तपासलं होतं. मग काकाच फोनवर आले, "अहो ताई, पोरगी दोन्ही वेळा 'वहिनी' म्हणतेय. तुम्ही आई कुठून आणलीत?"

मी कोर्टात जाऊन ते रेकॉर्डिंग सहा वेळा ऐकलं. वहिनी. अगदी स्वच्छ.

तिथल्या साहेबांनी फॉर्म पुढे केला – भाषांतर चुकलं, अशी कबुली. घरी लेक इथल्या ढंगात म्हणाली, "साईन कर ना आई, सो सिंपल लाह!" नवरा म्हणाला, "आधी कान तपासून घे."

मी सही केली नाही. लिहून दिलं : मी 'आई' हाच शब्द ऐकला. आणि मुलगी 'वहिनी' म्हणाली असेल, तर का म्हणाली, हे त्या बाईला विचारा.

माझ्यासमोरच विचारलं. बाई रडता रडता हसली. "घरात समदे दीर मला वहिनीच म्हणत्यात, ताई. हीबी तेच शिकली."

मग डीएनए तपासणी झाली, जुळली. मायलेकी एकाच विमानाने घरी गेल्या.

जोगळेकरकाका म्हणतात, "तुमच्या मनाने अर्थ लावला." आईला वहिनी म्हणणारी मुलं मलाही माहीत आहेत. पण काका, मी अर्थ लावला नाही, ऐकलं – दोनदा! दोन अक्षरं आणि तीन अक्षरं यांत माझी गफलत होत नाही. मग ते 'आई' कोण म्हणालं? मला माहीत नाही.

कोर्टाने मला पुन्हा बोलावलं नाही. नका बोलावू. चूक झाली, असं मी आजही लिहून देणार नाही.