हलणारी फळी

शिंपीमास्तरांनी कात्री तेलकट फडक्यात गुंडाळली आणि बायकोपुढे ठेवली. "पुतण्या आला की देऊन टाक."

"तुमची तुम्हीच द्या. माझ्याच्यानं नाही व्हायचं," ती म्हणाली.

उजव्या हाताला कंपवातानं धरल्यापासून दुकान बंदच होतं. जन्मभर कापड बेतणाऱ्या हाताला आता चहाची बशीही जुमानत नव्हती.

दवाखान्याच्या व्यायामाच्या खोलीत असेच थरथरणारे लोक जमत. मास्तर कोपऱ्यात तोंड मिटून बसत. शेजारी एक निवृत्त कंडक्टर असायचे. त्यांच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"मास्तर, मला एक सदरा शिवा. बटणं लावायला रोज बायको लागते. म्हणते, नव्या नवलाईतसुद्धा एवढे जवळ आला नव्हतात!"

सगळी खोली हसली. मास्तर तेवढे हसले नाहीत. "या हातानं कापू?"

"अहो, मी जन्मभर हलत्या गाडीत उभा राहून तिकिटं फाडली. गाडीशी भांडायचं नसतं मास्तर, तिच्याबरोबर हलायचं."

मास्तर घरी आले तेव्हा डोक्यात पिठाची गिरणी घरघरायला लागली होती. तरुणपणी खिशात दमडी नसताना जागा मिळाली ती गिरणीच्या भिंतीला लागून. दिवसभर कापायची फळी थरथरायची. कापडं वाया गेली, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. मग हळूहळू जमलं. कोपर फळीला टेकवायचं, कात्रीचं खालचं पातं फळीवरून उचलायचंच नाही, आणि लहान मुलासारखे छोटे छोटे घास घ्यायचे.

"अगं, कात्री आण," ते ओरडले. "तेव्हा फळी हलायची, आता हात हलतोय. एवढंच ना!"

सदऱ्याला बटणं नुसती शोभेची लावली. आतून बुटाला असते तशी चिकटपट्टी. कंडक्टरांनी सगळ्यांसमोर तो स्वतःच्या हातानं घातला आणि घसा खाकरला.

"मास्तर, कॉलर डावीकडे झुकलीय."

"तुम्हीही झुकताच की. शोभतेय!"

या वेळी मास्तरही पोट धरून हसले. कोपऱ्यातून एक आजी म्हणाल्या, "भाऊ, माझ्या झंपराचं बघाल का?"

परतताना मास्तर वाट वाकडी करून जुन्या गिरणीपाशी गेले. ती अजून घरघरत होती. इतक्या वर्षांत तिला घातलेल्या सगळ्या शिव्या त्यांनी मनातल्या मनात परत घेतल्या. मग पुतण्याला निरोप धाडला: कात्री मिळायची नाही. शिकायचं असेल तर ये.