दोन मिनिटं उशिरा येणारा म्हातारा

नगरच्या एका कॉलेजात मी तेव्हा पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. पगार बेताचा, रुबाब मात्र शास्त्रज्ञाचा. लष्करी भंगारातून आणलेला रिसीव्हर, बांबूला बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा एरियल आणि प्रयोगशाळेतला ऑसिलोस्कोप, एवढ्या भांडवलावर मी एका जुन्या हवामान उपग्रहाची छायाचित्रं पकडत असे. त्याच्यामागून नवे उपग्रह केव्हाच वर गेले होते, पण हा अजून फिरत होता. आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो.

रोज सकाळी तो उत्तरेकडून दक्षिणेकडे जाई. त्याच्या येण्याच्या वेळा पुण्याचा एक मित्र पोस्टाने कळवी. गच्चीवर मी हाताने एरियल फिरवत उभा राही. आधी नुसती खरखर, मग तिच्यातून टिकटिक वर येई. ती टेपवर घ्यायची, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर ओळीमागून ओळ उमटवायची आणि समोर कॅमेरा उघडा ठेवायचा. फिल्म धुतली की करड्यात पांढरे ढग दिसत. टिकटिक कोणत्या मिनिटाची, यावरून तेव्हा म्हातारा कुठे होता ते कळे आणि चित्रावर नकाशा बसवता येई.

कळवलेल्या वेळेपेक्षा तो रोज दोन मिनिटं उशिरा यायचा. "वय झालं, पाय ओढत येतोय," मी म्हणायचो आणि शिपाईमामा हसायचे. त्या वर्षी हसण्यासारखं एवढंच होतं. पावसाचा पत्ता नव्हता आणि वर्गातली निम्मी पोरं दुष्काळी कामावर खडी फोडत होती.

माझा थोरला भाऊ, दादा, घोडेगावजवळ आमची कोरडवाहू जमीन कसायचा. त्याची बैलजोडी घरच्याच गाईची, वासरं होती तेव्हापासून त्याने हाताने चारलेली. आषाढ सरत आला आणि वैरण संपली. घोडेगावच्या बाजारात पाटाच्या भागातला एक बागायतदार जोडी मागत होता. त्याच्याकडे उसाचं वाढं होतं, तिथे बैल जगले असते. पण पाऊस आलाच तर पेरणी कशाने करायची? म्हणून बाजाराच्या आदल्या दिवशी दादा एसटीने नगरला आला आणि प्रयोगशाळेत स्टुलावर बसला.

"तुझा उशिरा येनारा म्हातारा काय म्हनतो?"

त्या दिवशीच्या चित्रात ढगांचा जाड पट्टा होता. मी मिनिटं मोजली, नकाशा बसवला.

"हे बघ, सातपुड्यावर येऊन बसलाय. चार दिवसांत आपल्याकडे."

"खरं?"

"दादा, हे वरून काढलेलं आहे."

दादाने फोटो दोन्ही हातांत धरून पाहिला. त्याला त्यात काय दिसलं, देव जाणे. "मंग न्हाई इकत," तो म्हणाला.

चार दिवस गेले, आठ गेले. बागायतदाराने दुसरी जोडी घेतली. पंधरा दिवसांनी निरोप आला की एक बैल बसला तो उठलाच नाही.

पुढच्या सोमवारी शिपाईमामा प्रयोगशाळेतल्या घड्याळाला किल्ली देत होते. याच घड्याळावर मी म्हाताऱ्याची वेळ धरायचो, मनगटावरचंही त्याच्याशीच लावायचो. मामांनी काटा पुढे सरकवला तेव्हा मी विचारलं.

"व्हरांड्यातल्याशी मिळवतो. समदी दोन मिनिटं म्होरं. खेड्यातली पोरं येळंवर यावीत म्हनून मोठ्या सायबांनी सांगितलंय."

व्हरांड्यातलं घड्याळ पुढे असतं हे कॉलेजात कुणाला ठाऊक नव्हतं? मलाही होतं. प्रयोगशाळेतलं तरी खरं असेल, असं मी धरून चाललो होतो. आकाशातली वस्तू रेंगाळत नाही हे मी पोरांना फळ्यावर गणित मांडून शिकवायचो, आणि स्वतः मात्र रोज उपग्रहाला नावं ठेवायचो. म्हातारा वेळेवरच येत होता. दोन मिनिटांत तो सातशे किलोमीटर जातो, म्हणजे माझा नकाशा तेवढाच दक्षिणेला सरकून बसला होता. ढग सातपुड्यावर नव्हतेच, पार हिमालयाच्या पायथ्याशी होते. मला स्वतःची तेवढी लाज पुन्हा कधी वाटली नाही.

दोन महिन्यांनी दादा पुन्हा प्रयोगशाळेत आला. उरलेला बैल पाहुण्यांकडे सोडून आला होता. आमच्या समोर चहा होता, आणि घड्याळाचं सगळं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं.

"दादा, त्या दिवशी मी जे बोललो..."

"जाऊ दे," दादा म्हणाला. "तू म्हाताऱ्यावर राग धरू नको. वय झाल्यावर मानसाचंबी चुकतं, त्यो तर यंत्र हाय. आजून येतोय ना रोज?"

"येतो."

"उशिराच?"

भिंतीवरचं घड्याळ त्याच्या डोक्यावरच होतं. मी हो म्हणालो.