भवानी पेशंटच्या हातची

मंदाकाकूंची आणि माझी ओळख झाली, ती त्यांनी मला तिखट विकायला नकार दिला म्हणून. लग्न होऊन मी बजाजनगरला नवीनच आले होते. भर उन्हात एक बाई पिशोरच्या मिरच्यांचं तिखट घेऊन दारात उभ्या राहिल्या. मला त्यांची दया आली. म्हटलं, "घरात आहे तसं, पण द्या पावशेर." काकूंनी बाहेर काढलेली पुडी परत पिशवीत ठेवली. "घरात हाये नं? मग कशाला घेतीस? संपल्यावर ये. मी मागच्याच गल्लीत राहते." आणि निघून गेल्या. मला चांगलाच राग आला होता. तिखट संपल्यावर मात्र मी त्यांच्याकडंच गेले, आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरं तिखट शिरलेलं नाही.

आज काकूंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या कष्टांबद्दल, त्यांच्या हाताच्या चवीबद्दल पुष्कळ जण लिहितील. मी लिहिणार आहे ते त्यांनी पाडलेल्या एका प्रथेबद्दल. ती आमच्या घरामुळं सुरू झाली, आणि हे सांगताना माझी मान ताठ होते.

आमच्या भागात कुणाच्या घरी कॅन्सर आला, की मंदाकाकू विक्री लावतात. रविवारी बाजाराशेजारच्या मैदानात टेबलं मांडायची. काकूंचे धपाटे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. आणि पलीकडच्या वेगळ्या टेबलावर नसीमआपांचा नान-खलिया, मटणाचा रस्सा आणि नान. आपा पडेगावच्या, काकूंच्या तिखटाच्या जुन्या गिऱ्हाईक. जे काही जमेल ते त्या घरच्या उपचाराला द्यायचं. यातली पहिली विक्री माझ्या धाकट्या दिरांसाठी झाली.

सुदामभावजी वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. गालाच्या आत गाठ निघाली, आणि त्याच सुमारास कंत्राट संपून कामही गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लवकर करा, उशीर केला तर हातात काही राहणार नाही. भावजी मुळातले मानी. माझ्या माहेरच्यांनी मदत देऊ केली, ती त्यांनी परत पाठवली. "वहिनी, मी कुणापुढं हात पसरणार नाय. जे व्हायचं ते होऊ द्या." तेव्हा काकूंनी विक्रीची कल्पना काढली. भावजींनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. आम्ही तेवढ्यावरच कामाला लागलो.

घोळ केला तो गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी. त्यांनी मोठ्या हौसेनं फ्लेक्स छापून आणला. मधोमध भावजींचा फोटो, भोवती फुलांची महिरप, आणि खाली ठळक अक्षरांत, 'सुदामभाऊंच्या कॅन्सरला मदत करा.' सकाळी मैदानात आलेल्या एकदोघांनी तर फ्लेक्सपुढं उभं राहून हात जोडले. भावजींनी ते लांबूनच पाहिलं. घरी गेले आणि गावाला जायची पिशवी भरायला लागले. ऑपरेशनचं नाव काढू देईनात. "जिवंतपणी फोटोला हार घालून मागायला बसवलं मला," एवढंच म्हणाले. माझ्या जाऊबाई उंबऱ्यात बसून रडत होत्या. मी धावत मैदानावर आले.

काकू तेव्हा तवा तापवत होत्या. त्यांनी माझं ऐकलं, मग फ्लेक्स वाचला. पोरांना म्हणाल्या, "कॅन्सरला मदत? तो एकटाच लई जोरात हाये, त्याला अजून कशाला मदत करता?" फ्लेक्स उतरवायला लावला, उलटा करून पुन्हा बांधला आणि पांढऱ्या बाजूवर कोळशानं स्वतः लिहिलं, 'धपाटे, ठेचा, खलिया. गरम मिळेल.' एव्हाना गिऱ्हाईकं टेबलापाशी उभी राहिली होती. काकूंनी कुणालाच माल दिला नाही. "भवानी व्हायची हाये," म्हणाल्या आणि पदर खोचून आमच्या घराकडं निघाल्या.

दिवसातल्या पहिल्या विक्रीला आम्ही भवानी म्हणतो. नसीमआपा बोहनी म्हणतात. ती झाल्याशिवाय दुकानदाराचा दिवस सुरू होत नाही.

काकू भावजींच्या दारात उभ्या राहिल्या. पिशवीकडं त्यांनी बघितलंही नाही. "सुदाम, गिऱ्हाईक ताटकळलंय. पैसे घे आणि चल, भवानी तुझ्या हातची करायची हाये. फुकट मिळायचं नाय, आधीच सांगते."

"मला तिखट खाता येतं का काकू आता?"

"तुला कोण खा म्हणतंय? बायकोला घे. सकाळपासून उपाशी बसलीय ती."

 भावजींनी खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात हात घातला. मैदानात येऊन त्यांनी रोख पैसे मोजून धपाटे घेतले. काकूंनी ते पैसे कपाळाला लावले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बोल आता, गिऱ्हाईकानं कुणापुढं हात पसरला का?" भावजींनी नाही म्हणून मान हलवली. पलीकडून आपा म्हणाल्या, "बोहनी हो गई ना? चलो, अब मेरा खलिया भी निकालो." त्या दिवशी भावजी संध्याकाळपर्यंत टेबलामागं उभं राहून धपाटे कागदात बांधत होते. पुढच्या आठवड्यात ते स्वतःच्या पायांनी ऑपरेशनला गेले.

तेव्हापासून आमच्या विक्रीची भवानी पेशंटच्या हातची असते. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटकडं काकू स्वतः जातात, त्याच्या हातानं पैसे घेतात आणि मगच तव्यावर दुसरा धपाटा टाकतात. चांगल्या कामाचं आहे म्हणून माल कसाही चालेल, हे त्यांना खपत नाही. एकदा मीच म्हटलं होतं, की थोडे करपलेत, पण लोक समजून घेतील. काकूंनी ती चळत उचलून बाजूला ठेवली. "समजून घ्यायला ते काय सोयरे हायेत? पैसे देतात." दया आणि विक्री यांतला फरक काकूंनी मला पहिल्या भेटीतच दाखवला होता, तो कळायला मला एवढी वर्षं लागली.

भावजी मात्र बरे होत गेले तरी पेशंटचा हक्क सोडायला तयार नव्हते. ऑपरेशननंतर त्यांचं बोलणं थोडं जाड झालं आहे, पण दर विक्रीला सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, पेशंटच्या मागोमाग दुसरा नंबर त्यांचाच. गेल्या दिवाळीच्या आधीची विक्री एका शिक्षिकेसाठी होती. तिची भवानी झाली आणि भावजी नेहमीसारखे पुढं सरकले. काकूंनी उलथणं आडवं धरलं.

"डॉक्टर काय म्हणाले परवा?"

"वर्षानं या म्हणाले."

"मग इथं काय करतोस? पेशंटचा मान संपला तुझा. रांगेत शेवटी जाऊन उभा राहा."

भावजी मागं वळले आणि सगळी रांग ओलांडून शेवटच्या माणसामागं जाऊन उभे राहिले. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. तो माझ्या जाऊबाईंच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठ्या मानाचा दिवस होता, आणि माझ्याही.

काकू, दीर्घायुष्य तर सगळेच चिंततात. मी एवढंच मागते, की या विक्रीची भवानी तुमच्या हातून कधीही न होवो. तुम्ही शंभरी ओलांडा, आणि तेव्हाही टेबलाच्या तुमच्याच बाजूला, तव्यापाशी, उलथणं घेऊन उभ्या असा. आम्ही सगळे रांगेत आहोत. सुदामभावजी सगळ्यांत शेवटी.