बाळाविना बाळंतीण

कुवेतमधल्या जहरा गावात कुणाकडे बाळ झालं की पहिला निरोप गनीमाला जायचा. ती यायची, अंगावरचा काळा अबाया खुंटीला अडकवायची आणि घराचा ताबा घ्यायची. चाळीस दिवस बाळंतिणीनं पलंग सोडायचा नाही, पोट गच्च बांधायचं, तिळाच्या तेलानं पाय रगडून घ्यायचे आणि सकाळ-संध्याकाळ अळिवाची खीर खायची. एखादी सून पाण्याच्या घोटासाठी उठली तरी गनीमाचा आवाज चढायचा. बायका पाठीमागं तिची नक्कल करायच्या, पण तिच्यासमोर मुकाट पडून राहायच्या.

हा निव्वळ तोरा नव्हता. तिची थोरली बहीण नौफ ओली बाळंतीण असताना पाहुण्यांसाठी भात टाकायला उठली आणि चुलीपुढंच रक्तानं भिजून कोसळली. ती परत उठलीच नाही. गनीमानं परकरातल्या वयात दारात उभं राहून ते पाहिलं होतं. तेव्हापासून अंथरुणातून लवकर उठणारी प्रत्येक बाई तिला नौफच वाटायची.

तिची स्वतःची मुलगी शौक सोळा वर्षांची. पोरीचं वजन इतकं वाढलं होतं की जिना चढताना मधेच बसावं लागायचं, आणि रक्तातली साखर वर सरकायला लागली होती. ऑपरेशन करून जठर लहान करून घेण्याचं कुवेतमध्ये कुणाला नवल उरलेलं नाही. दात सरळ करून घ्यावेत तसं लोक ते करून घेतात. शौकच्या वर्गातल्या मुलीही करून आल्या होत्या. बाप, मुबारक, हो म्हणाला. गनीमा रडली, भांडली आणि शेवटी गप्प बसली.

ऑपरेशन सुरळीत झालं. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं, की हिला रोज चालवा, दिवसातून अनेकदा चालवा, पाणी घोट-घोट पाजत राहा, पडून राहू देऊ नका. गनीमानं मान डोलावली. मनात म्हणाली, यांना खाट रिकामी करायची घाई. पोटातलं अर्धं कापून काढलंय आणि म्हणे चाला.

घरी पलंग तयारच होता. शौकचं पोट बांधलं गेलं, पायांना तेल लागलं, खीर पातळ करून चमच्यानं भरवणं सुरू झालं. शौक ती ओकून टाकायची आणि मग पाणीही नको म्हणायची. पहिले काही दिवस ती कुरकुरली, अंगणात दोन फेऱ्या मारू दे म्हणाली. गनीमानं तिला नौफची गोष्ट सांगितली, चुलीपासून रक्तापर्यंत सगळी. त्यानंतर शौकनं उठायचं नाव काढलं नाही. भेटायला आलेली नणंद वस्मिया पडदे ओढलेली खोली बघून हसत म्हणाली, "वहिनी, बाळंतीण झकास सांभाळलीस. बाळ कुठं लपवलंस?" तिच्यासोबत आलेल्या बायका हसल्या. गनीमाही हसली.

आणि एका दुपारी शौक आईला म्हणाली, "युम्मा, डावी पोटरी ठणकतेय."

पोटरी सुजून टणक झाली होती, हाताला गरम लागत होती. बाळंतिणींच्या पायात वात भरतो हे गनीमाला ठाऊक होतं आणि त्यावरचा उपायही ठाऊक होता. तिनं तेल कोमट केलं आणि दोन्ही अंगठ्यांचा जोर लावून पोटरी रगडली. शौक उशीत तोंड खुपसून कळ सोसत राहिली. संध्याकाळच्या नमाजाच्या वेळी ती अचानक उठून बसली आणि म्हणाली, "श्वास पुरत नाहीये." तिचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. मुबारकनं गाडी कशी काढली, सिग्नल कसे तोडले, गनीमाला काही कळलं नाही. ती फक्त शौकच्या छातीकडे बघत होती. छाती खाली गेली की परत वर येईपर्यंत तिचा स्वतःचा श्वास थांबायचा.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की पडून राहून आणि पाण्यावाचून पायात रक्ताची गाठ झाली आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला. मग सरळ विचारलं, पाय कुणी चोळला होता का? मुबारकनं बायकोकडे पाहिलं. गनीमानं आपले हात अबायात लपवले. त्या हातांना अजून तिळाचा वास येत होता.

शौक वाचली. पण त्या दिवसांत गनीमाला झोप नव्हती की घास नव्हता. यंत्राचा आवाज जरा बदलला की ती उठून उभी राहायची. मुलीला हात लावायचीही तिला भीती वाटायची.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त पातळ झालंय, आता चालायला हवं, नाहीतर पुन्हा हीच गत. नर्सनं हात पुढं केला. शौकनं दोन्ही मुठींनी पलंगाची कड धरली. नर्सनं समजावलं, बापानं विनवलं. पोरगी हलेना.

"माझी आई इतक्या बायकांना बरं करते," ती नर्सला म्हणाली. "तुमच्यापेक्षा तिला जास्त कळतं. ती म्हणाली तरच उठेन."

सगळ्यांनी गनीमाकडे पाहिलं. पोरीच्या डोळ्यांत रतीभरही संशय नव्हता, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. तिच्या डोळ्यांपुढं चूल होती, नौफ होती. मुलगी उभी राहिली आणि तिथंच पडली तर? आणि उभीच नाही राहिली तर?

"शौक," ती म्हणाली, "मला काही कळत नाही, बाई. माझ्यामुळंच तू इथं आलीस. ऊठ."

शौक तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं पलंगाची कड सोडली आणि पाय खाली ठेवले. गनीमानं तिला दोन्ही हातांनी धरलं. त्या दोघींत जास्त कोण थरथरत होतं, ते नर्सलाही सांगता आलं नसतं.